पिल्लू परत किनाऱ्याला येतं

"ह्यो पंखो वारो देता की नुसतो कुरकुरता?" माझ्या कानाशी पुष्पावैनी पुटपुटते. दुपारची जेवणं झालीत, आम्ही दोघी एकाच चटईवर. तिला सोबत म्हणून मी माहेरी आलेय. स्वयंपाकघरात तिने रोजच्यासारखं दादाचं ताट झाकून ठेवलेलं. तो मासेमारीला गेला, त्याची होडी सापडली, तो नाही. वर्ष होत आलं. घरात सगळे "दादा अजून आला नाही" एवढंच म्हणतात, जसा काही बाजारात गेलाय.

मी कूस बदलते, परत बदलते. पंख्याची कुरकुर होडीच्या इंजिनासारखी वाटायला लागते. पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाते, तर तिथे गुडघाभर समुद्र. दादा ओट्यावर बसून ताट उघडून बघतोय.

"रोज बांगडोच?"

"वरसान इलंस तो नखरे करूक?"

तो हसतो. मांडणीच्या जागी आता पुळण आहे आणि पुळणीवर ते देवमाशाचं पिल्लू, दादा असताना गावच्या किनाऱ्याला लागलेलं. ओल्या चादरींत गुंडाळून, दोरीने ओढून दादाने आणि गावाने खोल पाण्यात सोडलेलं, तरी परत परत किनाऱ्याला आलेलं. शेवटी किनाऱ्यावरच मेलेलं. आता श्वास घेतंय.

"शैले, मोबाईलवर देवमाशांचाच वाचतंस मां? सांग काय ता."

मी सांगते. जन्मल्यावर आई त्याला खालून ढकलत वर आणते, पहिल्या श्वासासाठी. दूध टूथपेस्टएवढं घट्ट. पूर्वी तेलासाठी मारणारे आधी पिल्लाला भाला मारायचे, कारण आई त्याला सोडून जात नाही. ती थांबली की तिलाही. इतके मारले, की देवमाशांनी समुद्र अजून पूर्वीसारखा भरलेला नाही.

दादा चादर भिजवतो. "म्हणजे थांबली म्हणान मेली."

मी चादरीचं दुसरं टोक पाण्यात बुडवते.

"आम्ही ह्येका खोल पाण्यात नेलव. आयेकडे नाय. आय नव्हतीच थय. सगळ्यांका म्हायती होता, बोललो कोण नाय."

"दादा, वैनी अजून ताट..."

"दिसता माका."

पाणी कमरेला लागतं. तो माझा पदर ओढून त्याला गाठ मारतो, पिल्लाच्या दोरीला मारली होती तीच. कितीही ताण येऊ दे, घट्ट राहते. मोकळं टोक ओढलं की सुटते.

"तिका दी."

"आणि सांगू काय?"

इंजिन दूर जातं. वर पंखा.

मी उठून बसते. पदराला गाठ आहे. ही गाठ दादाने मला लहानपणापासून कितीदा शिकवली, मला काही केल्या जमली नाही.

वैनी गाठीकडे बघतेय. कुणी मारली, विचारत नाही. हात पुढे करते, बोटांनी चाचपते, मोकळं टोक ओढते. गाठ सुटते.

मग ती आत जाते. ताटावरचं झाकण काढते, भात कावळ्याला म्हणून पत्रावळीवर घेते. दारात थांबते.

"शैले," ती म्हणते, "हे गेले गो."