जुन्या ब्राऊजरचा पहारा

आत्याच्या ऑनलाइन सेंटरमध्ये किस्से शोधावे लागत नाहीत. दारातल्या चपलांसारखे ते दिवसभर साठत जातात. आष्ट्यात शाळा सुटली की मी तिथेच कोपऱ्यात अभ्यासाला बसते. फारसं बोलत नाही, म्हणून सगळं ऐकू येतं.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला लागतो. मशीनवर अंगठा ठेवायचा, कॉम्प्युटरनं ओळखला की माणूस जिवंत. महिन्याच्या आत झालं नाही तर पेन्शन थांबते. आणि नेमका शेवटच्या आठवड्यात ब्राऊजर आपोआप अपडेट झाला. नव्या व्हर्जनला आमचं अंगठ्याचं मशीनच दिसेना.

"माझ्या दुकानात, मला न विचारता?" आत्या म्हणाली.

*

हे कळेपर्यंत सगळा दोष अंगठ्यांवर होता. शेजारचे आबा फौजेतून रिटायर झाले, मग उसात राबले. त्यांचा अंगठा गुळगुळीत झालाय. त्यांनी तो लिंबानं घासला, खोबरेल चोळलं, घरी जाऊन राखही लावून आले.

"आबा, अंगठा ठीक आहे. ब्राऊजर बिघडलाय," आत्या म्हणाली.

"मग मी जित्ता हाय का न्हाई, ते ह्यो ठरवनार व्हय?"

*

आत्यानं हेल्पलाइनला फोन लावला. तिकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, नवीन व्हर्जन जास्त सुरक्षित आहे."

"असेल की. कुणाला आतच घेत नाही म्हटल्यावर!"

*

आत्यानं नवं व्हर्जन काढून जुनं टाकलं. चहा पिऊन येईतो परत नवं. परत काढलं, परत आलं. मग तिनं इंटरनेटची वायरच उपटली. जुनं व्हर्जन शांत बसलं. नेट नाही म्हणून दाखलेही अडून बसले.

तिनं ओढणी कमरेला बांधली. "बघते, आधी कोण दमतंय."

*

आपोआप अपडेट व्हायची सेटिंग वेगळी बंद करावी लागते, हे मला मोबाईलवर सापडलं. दोनदा सांगितलं, कुणाला ऐकूच गेलं नाही. शेवटी उठून आत्याच्या हातातला माऊस घेतला आणि ती बंद केली.

"अगं, तोंड आहे की तुला," आत्या म्हणाली.

*

शेवटचा दिवस. जुनं व्हर्जन चालू, बाहेर रांग. पण मध्येच 'अपडेट करा' अशी चौकट यायची. कुणी चुकून बटण दाबलं तर सगळं पहिल्यापासून.

आबा काठी मांडीवर घेऊन माऊसशेजारी बसले. "कोन हात लावतंय बघू."

"आधी तुमचा अंगठा घेऊ, आबा."

"आदी रांगंतली. पहाऱ्यावरचा मानूस शेवटी."

चौकट आली. समोर बसलेल्या रिटायर गुरुजींचा हात सवयीनं पुढे गेला. काठी आडवी झाली.

"हुकूम न्हाई, गुरुजी."

अंधार पडायच्या सुमारास रांग संपली. आबांनी अंगठा ठेवला. स्क्रीनवरचं चक्र फिरतच राहिलं. मग हिरवी खूण आली.

"झालं, आबा. वर्षभर जिवंत. जावा आता घरी."

आबा खुर्चीतून हलेनात.

"जातो की. पर पहारा बदलायला कोन येतंय?"

मी दप्तर बाकाखाली सरकवलं. त्यांनी काठी माझ्या हातात दिली.