ठेंगीवाले भाया

माझे भाया माझ्याशी कधी बोलत नसत, मोटारीशी बोलत. थोरल्या दिराला आमच्याकडे भाया म्हणतात. धाकट्या भावाच्या बायकोने त्याच्यासमोर यायचे नाही, त्याच्याशी बोलायचे नाही, तो बसतो त्या जागी बसायचे नाही, अशी त्या काळची रीत होती. इतर घरांत मध्ये एखादी जाऊ असते, ती निरोप इकडून तिकडे नेते. माझ्या जाऊबाई माझ्या लग्नाआधीच वारलेल्या. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, दिवसभर शेतावर. आमचे मालक औरंगाबादेला एका वकिलाकडे कारकून होते आणि सणासुदीला पाहुण्यासारखे येत. तेव्हा दुपारी चौसाळ्याच्या त्या घरात आम्ही तिघेच उरायचो: मी, भाया आणि अंगणात उभी असलेली ती मोटार.

"ठेंगे," ओसरीवरून भाया मोटारीला म्हणत, "आत इचार, भाकरी झाली का?"

मी चुलीपाशी पदर ओढून मोटारीलाच उत्तर देई, "ठेंगे, सांग, तव्यावर हाय. हात धुवा म्हणावं."

ठेंगी मध्ये गप्प उभी असायची. निरोपात तिखटमीठ न घालणारी अशी जाऊ मला सात जन्मांत मिळाली नसती.

ठेंगी हे नाव गावाने ठेवले होते. त्याआधी चौसाळ्याने मोटार पाहिली होती ती एका जहागीरदाराची. लांबलचक, पितळी दिव्यांची, आत पाच माणसे बसून वर हुक्क्याला जागा उरेल अशी. ती रस्त्याने गेली की आत कोणी असो वा नसो, लोक सलाम ठोकत. निजामाच्या राज्यात मोटार ही अशीच असायची, हे सगळ्यांनी धरून चालले होते. आणि एके दिवशी बीडहून भाया आले ते या वस्तूत बसून. उंची माझ्या खांद्याइतकी, चाके सायकलीला शोभतील अशी, पुढे दोघे दाटीवाटीने बसतील एवढी जागा, मागे एक शेळी मावेल एवढी फळी, आणि वर कापडी टप. सलाम करायला उचललेले हात लोकांनी तसेच डोके खाजवायला नेले.

"पाटील," चावडीपुढे बसलेल्या न्हाव्याने विचारले, "मोटरीचं पिल्लू आणलं का? आई कुठं हाय हिची?"

"पिल्लूच हाय बे," भाया म्हणाले. "पर दाणा कमी खातंय. एका डब्यात बीड गाठून माघारी येतंय. जहागीरदाराच्या म्हशीला तेवढ्यात गावाची येस ओलांडून दाखव म्हणावं."

हा त्यांचा अभिमानाचा विषय. कोणी ऐकणारा भेटला की ते सांगत, विलायतेत एका कारखानदाराने म्हणे विचार केला, मोटार साहेबलोकांनीच कावून उडवावी? मास्तरानं, दुकानदारानं काय पाप केलंय? म्हणून त्याने मोठी मोटार बासुंदीसारखी आटवत आटवत ही केली. भायांनी ती निजामाच्या बांधकाम खात्यातल्या एका बदली झालेल्या गोऱ्या साहेबाकडून घेतली. त्यासाठी दोन खिल्लारी जोड्या गेल्या. आत्याबाई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. म्हणजे तेवढे आठ दिवस घरात भायांशी बोलणारे कोणीच नव्हते, आणि मला वाटते मोटारीशी बोलायची सवय त्यांना तेव्हाच लागली.

ठेंगीचे लाड फार. पेट्रोल धुतलेल्या धोतराच्या पदरातून गाळल्याशिवाय तिला मिळत नसे. आम्हाला पिण्याचे पाणी मात्र चालेल तसे. ब्रेक नावाला होते. "थांबणं तिच्या मनावर हाय," असे भाया सांगत आणि चाकामागे लावायला एक धोंडा कायम बरोबर ठेवत. पावसाळ्यात काळ्या रानात ती रुतली की शेजाऱ्याचे बैल मागून आणावे लागत. ते बैल म्हणजे आमच्याच विकलेल्या जोड्यांतले. ते निमूट येत, ठेंगीला ओढून काढत आणि जाताना तिच्याकडे मान वळवून बघत. आत्याबाईही तशाच बघत.

पुढे ठेंगीत फरक पडत गेला. कापडी टप शेळ्यांनी खाल्ला, तेव्हा लोहाराने पत्रा ठोकून दिला. मग आत्याबाईंच्या मनात आले, आपण सुनेला घेऊन बीडला कंकालेश्वराच्या दर्शनाला मोटारीने जावे. इथे घोडे अडले. पुढच्या दोन जागा अशा की खांद्याला खांदा लागायचा, तेव्हा तिथे आत्याबाई बसणार. मला मागच्या फळीवर बसवावे, तर माझा श्वास भायांच्या मानेला लागणार. दोन दिवस खल चालला. शेवटी भायांनी सुताराला बोलावले आणि मागच्या फळीवर टांग्यासारखी उलटी बैठक करून घेतली. पाठीला पाठ. मध्ये सागाची जाड फळी. आत्याबाईंनी स्वतः दोन्हीकडून बसून पाहिले आणि निकाल दिला, "तोंड दिसत न्हाई, धक्का लागत न्हाई. चालतंय." तेव्हापासून मी जिथे जिथे गेले ते उलटी बसून. त्या भागातली गावे मागून कशी दिसतात, ते माझ्याइतके कोणाला ठाऊक नसेल.

दर वर्षी मुंबईहून मोटारींच्या चित्रांचे एक पुस्तक टपालाने येई. शाळामास्तर त्यातले इंग्रजी वाचून दाखवत. ठेंगीच्याच कारखान्याची मोटार त्यात वर्षागणिक वाढत होती. एका वर्षी ती वीतभर लांब झाली, एका वर्षी तिला काचा आल्या. मग एका वर्षी हँडल न मारता नुसती कळ दाबून चालू होणारी निघाली, आणि मागे दोन माणसांची चांगली गादीची बैठक. भायांनी ते पान ठेंगीच्या दिव्यासमोर धरले.

"बघ, तुझी धाकटी बहीण," ते म्हणाले. "मागं येगळी बैठक दिलीय. त्या इलायतवाल्यालाबी भावजय असंल गं."

मी दारामागे होते. मला हसू आवरले नाही, आणि ते त्यांना ऐकू गेले. भायांच्या देखत हसणे म्हणजे बोलण्याहून वाईट. दोन दिवस आम्ही दोघेही ठेंगीकडे फिरकलो नाही. ती नवी मोटार त्यांनी कधी घेतली नाही. कोणी विचारले, तर म्हणत, "तिला उलटी बैठक कुठं हाय?"

परवा माझ्या नातवाने लहान मोटार घेतली. हातावर पेढा ठेवून म्हणाला, "आजी, सामान्य माणसाची मोटार आता कुठं निघाली." मी पेढा खाल्ला. त्या मोटारीत त्याची बायको माझ्या मुलाच्या, म्हणजे सासऱ्याच्या, शेजारी बसून बाजाराला जाते आणि कोणाचे काही अडत नाही. चांगलेच आहे. पण भायांना जाऊन तीस वर्षे झाली तरी मोटार म्हटले की मला ठेंगीच दिसते, आणि ती दिसते ती सिंदफणेच्या वाळूत.

वैशाख होता. माझ्या माहेराहून, उमापूरहून, माणूस निरोप घेऊन आला. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अंथरूण धरले होते. अन्न सोडले होते आणि माझे नाव घेत होते. बैलगाडीने उमापूर म्हणजे वाटेत दोन मुक्काम. आणि निरोप्यालाच यायला तेवढे दिवस लागलेले. मी चुलीपुढे उभी होते. तवा तापून लाल झाला तरी भाकरी थापायचे सुचेना. मालक औरंगाबादेला. मागायचे कोणाकडे आणि कसे?

मग ओसरीवरून भायांचा आवाज आला.

"ठेंगे, उमापूर गाठशील का?"

ती बिचारी बीडच्या पलीकडे कधी गेली नव्हती. ती काय सांगणार? मी म्हणाले, "ठेंगे, गाठ."

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताना निघालो. भाया आणि आत्याबाई पुढे, मी उलटी, मांडीवर पाण्याचा डबा आणि पायाशी धोंडा. बीड मागे पडले तेव्हा ऊन चढले होते. ठेंगी दर दोन कोसांना तापायची. ती निवेपर्यंत भाया तिला पंख्याने वारा घालत आणि मी मनात आबांना म्हणत होते, थांबा, थोडे थांबा. आणि सिंदफणेच्या पात्रात, मधोमध, चाके वाळूत गेली.

भाया उतरले, आत्याबाई उतरल्या, मी उतरले. गाडी हलकी असल्याने एकट्याने लोटता येण्यासारखी होती, पण पुढे, हाकायच्या चाकाशी, कोणी बसल्याशिवाय काही होणार नव्हते. आसपास माणूस नाही. भायांनी आईकडे पाहिले.

"मी न्हाई त्या चाकाला हात लावायची," आत्याबाई म्हणाल्या. "माझी चार बैलं गिळलीत तिनं."

राहिले मी, आणि ती जागा भायांची. आत्याबाईंनी एकदा सूर्याकडे पाहिले, एकदा माझ्या तोंडाकडे.

"वाळूत कसलं आलंय नातं?" त्या म्हणाल्या. "बस गं तिथं."

मी बसले. भायांनी माझ्याकडे न बघता हात घालून एक दांडा ओढला, कसलीशी कळ लावली आणि ठेंगीच्या मागे जाऊन खांदा लावला. मग तिला ओरडून सांगू लागले.

"ठेंगे, डावा पाय दाबून धर! आता सोड! हळू, हळू! दुधाची चरवी खाली ठेवतीस तसा सोड!"

ठेंगीने आयुष्यात चरवी उचलली नव्हती. मी रोज उचलत होते. पाय तसा सोडला.

"चाक सरळ ठिव! सरळ गं, माझ्याकडं बघू नगस!"

ठेंगी थरथरली, मागे भायांच्या अंगावर पसाभर वाळू उडवली आणि जी निघाली ती निघालीच. पात्र संपले, चढ लागला, तो चढली. मागून दोघेही ओरडत होते, "थांब! ठेंगे, थांब!" थांबवायचे कसे ते मला सांगितलेले नव्हते, हे खरे. पण आता लपवून काय करायचे, मला थांबायचेही नव्हते. जन्मात पहिल्यांदा मी तोंड पुढे करून चालले होते आणि पुढे उमापूर होते. चढाच्या वर बाभळीच्या बेटात ती आपणहून बंद पडली नसती, तर मी त्या दोघांना नदीत सोडून गेले असते.

आत्याबाई शिव्या देत, धापा टाकत आल्या. भायांच्या मिशीत वाळू होती. त्यांनी चाकामागे धोंडा लावला आणि ठेंगीच्या पत्र्यावर थाप मारली.

"लई शानी झालीस," ते म्हणाले.

दिवस कलताना उमापूर आले. आबा होते. डोळे उघडे होते.

"कशात आलीस?" त्यांनी विचारले.

"मोटरीत, आबा."

"कुणी हाकली?"

"भायांनी. नदीतून मी."

आबा हसले. खोकल्याची ढास लागली तरी हसत राहिले. पुढचे दोन दिवस भेटायला येईल त्याला ते तुटक तुटक सांगत होते, "माझ्या लेकीनं सिंदफणा पार केली." भायांना त्यांनी आत बोलावून घेतले आणि हात जोडायला लागले. भायांनी ते हात धरून खाली ठेवले. "आवो, हात कावून जोडता?" ते म्हणाले. "समदं तर त्या दोघींनी केलं." तिसऱ्या दिवशी सकाळी आबा गेले. शेवटचे पाणी माझ्या हातून त्यांच्या तोंडात पडले. ठेंगी नसती तर ते मला मिळाले नसते.

भाया आत्याबाईंना घेऊन परत गेले आणि चौदाव्या दिवशी मला न्यायला एकटेच आले. आत्याबाईंचे गुडघे धरले होते. त्यांनी निरोप पाठवला होता, उलटी बसून ये, म्हणजे झाले.

उलट्या बैठकीचे एक वाईट असते. माहेर सोडून निघालेली बाई दहा पावलांवर मान फिरवते आणि माहेर मागे पडते. माझ्या समोरून ते हलतच नव्हते. दारातली आई, मग नुसते दार, मग लिंबाचे झाड, मग धूर. सगळे लहान होत होत किती वेळ दिसत राहिले. मी पदर तोंडात कोंबून बसले होते. फळीपलीकडे भाया होते, आवाज जाऊन चालणार नव्हते.

सिंदफणेच्या काठावर ठेंगी थांबली. तापली नव्हती, तरी भायांनी ती बंद केली.

"पोरी," ते म्हणाले.

मी इकडेतिकडे पाहिले. कोणी नव्हते.

"ठेंगीला न्हाई, तुलाच सांगतोय," ते पाठमोरेच म्हणाले. "घरी गेलीस की गावच्या बाया येतील. त्यांच्यासंगं रडावं लागतंय, ते येगळं. तुझं तुला रडायचं आसंल ते हितं रडून घे. मी पाणी घिऊन येतो."

डबा उचलून ते वाळूतून चालत गेले, पार लांब, पलीकडच्या दरडीपर्यंत. वैशाखात तिथे पाणी कुठले? दरडीच्या सावलीत ते माझ्याकडे पाठ करून बसले. मी रडले. कोणी ऐकत नसल्यासारखी, मोठ्याने, नाव घेऊन रडले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. भाया एकदाही वळले नाहीत.

रडू संपल्यावर मी तोंड पुसले, उतरून पुढे गेले आणि ठेंगीचा भोंगा एकदा दाबला. मग आपल्या जागी येऊन बसले. ते उठले, धोतर झटकले आणि सावकाश चालत आले. डबा रिकामाच होता. त्यांनी हँडल मारले, जागेवर बसले आणि विचारले, "ठेंगे, निघायचं का?"

"निघ म्हणावं," मी म्हणाले, आणि उमापूरकडे बघत बघत चौसाळ्याला आले.