बायकोचा संकल्प, माझ्या अक्षरात

एक जानेवारीला जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर घरातल्या सगळ्यांचे संकल्प मीच लिहितो; अक्षर माझं चांगलं ना! यंदाही बायकोच्या नावापुढे तिला न विचारता लिहिलं, 'वजन कमी करणे'. लिहिताना माझंच पोट टेबलाला टेकलं होतं.

ती भडकली. "मले इचारलं काय तुमी? लग्नापायी सुटलेलं एम.ए. मले पुरं करायचं हाय!"

मीही चिडलो. "मग आधी काहून नाही सांगितलं?"

"दरसाली सांगतलं. तुमी आपले अक्षर काढन्यातच दंग!"

तिने पेन हिसकावून माझी ओळ कागद फाटेपर्यंत खोडली. सोमवारी अकोल्याहून एकटीच बसने अमरावतीला, विद्यापीठात चौकशीला गेली. पेन घेऊन गेली. तिचा राग अजून उतरलेला नाही, आणि फॉर्म भरेपर्यंत उतरूही नये.