चेलनाचे भाव

चेलनाच्या मते जळगावात दोनच प्रकारची माणसं होती. तिच्या तोंडाकडे बघून हसलेली, आणि अजून हसायची राहिलेली. करोना जाऊन वर्षं लोटली, गावाने मास्क कधीच फेकून दिले, पण हिचा निळा मास्क काही नाकावरून खाली येईना. वडील निर्मलकुमार यांच्या मॅचिंग सेंटरमध्ये ती दिवसभर अस्तरं नि फॉल कापायची. डबा मात्र पडद्याआड, भिंतीकडे तोंड करून खायची. दोन गिऱ्हाइकं आपसात कुजबुजली, मग ती बिचारी रंगाबद्दल का बोलत असेनात, की हिची कात्री थांबलीच.

कारण काय, तर पुढे आलेले दात. शाळेत मुलींनी तिला ‘किसणी’ म्हणून चिडवलं होतं. मुली ते विसरूनही गेल्या. हिने जपून ठेवलं. मास्कची सक्ती झाली तेव्हा सारं गाव कुरकुरत होतं आणि ही एकटी मनातून सुखावली होती.

“काय व्हयनं वं माय तोंडले?” खेड्यावरून येणाऱ्या भागाबाईने एकदा विचारलंच.

“धुळीची ॲलर्जी आहे.”

“धूळ त बठ्ठी आमना गावले शे!”

त्यावर गल्ल्यावर बसलेली तिची आई, लाडकुंवरबाई, तोंड भरून हसली. आई अशी हसली की चेलनाला कसंतरीच व्हायचं. आई आपल्यालाच हसते, असा तिचा आतून संशय होता.

चातुर्मासात तिला एक निर्धास्त जागा सापडली, पिंप्राळ्यातलं जैनांचं प्रार्थनास्थळ, स्थानक. सामायिकाला, म्हणजे घटकाभराच्या ध्यानाला, बसताना तिथे सगळेच तोंडाला मुहपत्ती बांधतात, श्वासाने बारीक जीवांना इजा होऊ नये म्हणून. सगळ्यांचीच तोंडं झाकलेली, तर हिच्याकडे कोण बघतंय? ती रोज सकाळी जाऊन बसू लागली, आणि घरी परतली की पुन्हा मास्क.

मग घरचं वागणं बदललं. मावसबहिणीच्या साखरपुड्याला येत नाही म्हणाली, तर कुणी रागावलं नाही. नवी साडी नको म्हणाली, तर आईने डोळे पुसले. धुळ्याच्या स्थळाची बोलणी चालू होती, ती एकदम बंद पडली. मुलाने फोटो बघून नाक मुरडलं असणार आणि घरचे आपल्यापासून लपवतायत, हे चेलनाने ताडलं. वडिलांचा फोन वाजला की ती दाराशी कान देऊन उभी राहायची.

“नाही हो, भाव पक्के आहेत,” ते एकदा कुणाला तरी सांगत होते. “आता फक्त आज्ञा द्यायची बाकी आहे.” हिला बघताच त्यांनी फोन ठेवला.

कापडाचे भाव कुणाच्या आज्ञेने कधीपासून ठरायला लागले? दोन दिवस ती ह्याच विचारात होती.

रविवारी प्रवचन संपल्यावर चातुर्मासाला आलेल्या साध्वी महासतीजींनी चेलना आणि तिचे आईवडील अशा तिघांना जवळ बोलावलं. निर्मलकुमारांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

“आज्ञापत्र आहे,” ते म्हणाले. “मुलीचे दीक्षेचे भाव आहेत. तोंड उघडं ठेवत नाही, एकटी जेवते, लग्नाकार्याला जात नाही. आम्ही आडवे येणार नाही.”

चेलनाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते भाव कापडाचे नव्हे, मनातले होते! हिने संसार सोडून साध्वी व्हायचं ठरवलंय, असं घरच्यांनी धरलं होतं. हसावं की रडावं तिला कळेना. आणि पाठोपाठ एक विचार आला, ज्याची तिला स्वतःचीच भीती वाटली. हो म्हटलं तर आयुष्यभर तोंड झाकून राहता येईल, आणि का झाकलंस म्हणून कुणी विचारणार नाही.

वडील कागद पुढे करणार, एवढ्यात महासतीजींनी विचारलं, “आम्ही दुसऱ्या जीवाला इजा होऊ नये म्हणून बांधतो. तू कशासाठी बांधतेस?”

खोटं बोलायला ती जागा नव्हती.

“मला इजा होऊ नये म्हणून,” चेलना म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली. “माझे दात... सगळे हसतात. दीक्षा नकोय मला. लपायचं होतं फक्त.”

निर्मलकुमारांनी कागद पुन्हा खिशात घातला. लाडकुंवरबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. महासतीजींसमोर उघड्या तोंडाने बोलू नये, हे लहानपणापासून पाळलेलं त्या विसरल्या आणि त्यांनी स्वतःची मुहपत्ती खाली ओढली.

“हे दात माझे आहेत,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं तुला माझी लाज वाटत होती?”

साऱ्या जळगावावर संशय घेणाऱ्या चेलनाला ही गोष्ट कधी सुचलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी भागाबाई दुकानात आली आणि काहीतरी गमतीचं बोलली. लाडकुंवरबाईंना हसू आलं, पण हसण्याआधी त्यांनी पदर तोंडावर धरला. चेलनाने ते पाहिलं. तिने कात्री खाली ठेवली, मास्क काढून चिंध्यांच्या टोपलीत टाकला, आणि आईचा हात पदरासकट खाली ओढला.