मी पास केलेलं चॅनल

चौथीतल्या एका मुलीची आई मधल्या सुट्टीत शाळेत आली, ती मोबाइल हातात धरूनच. नेरळजवळच्या एका फार्महाउसवर ती स्वयंपाकाला जाते, नवरा टेंपो चालवतो. शाळा सुटल्यावर घरी मुलगी आणि आजोबा एवढेच. आजोबांना ऐकू कमी येतं, म्हणून मोबाइल मुलीपाशी घरीच ठेवलेला.

"बाई, तुमी जरा बघून सांगा," ती म्हणाली. "ही सारखी हेच बघते. एक पोरगा गेम खेळतो आनि बडबडत असतो. हिंदीत हाय, मला काय धड समजत नाय. बघू देऊ का नको?"

पोशीरच्या पुढच्या गावातली आमची शाळा लहान. तिथं आईबाप असं विश्वासानं विचारायला आले की मला आतून बरं वाटतं, हे कबूल करते. "बघते आणि सोमवारी सांगते," असं मी जरा ऐटीतच म्हणाले.

शनिवार-रविवार दोन्ही दुपारी मी घरी नेरळला ते चॅनल लावून बसले. वहीच्या मागच्या पानावर रकाने आखले : शिव्या, रक्त, मारामारी, घाणेरडं बोलणं. पडद्याच्या कोपऱ्यात कानाला हेडफोन लावलेला विशीतला हसरा मुलगा. गेम ठोकळ्यांचा. घरं बांधायची, पूल बांधायचे, शेत करायचं. मधेच तो म्हणायचा, "बच्चों, पहले होमवर्क!" मी सहा व्हिडिओ बघितले. दोनदा मोठ्यानं हसलेसुद्धा. रकान्यांत एकही खूण झाली नाही.

सोमवारी मी तिला सांगितलं, "चांगलं आहे ताई. रोज अर्धा तास बघू द्या." तिचा जीव भांड्यात पडला. एवढ्यावर थांबायचं, तर पालकसभेतही मी त्या चॅनलचं नाव घेतलं. मग वर्गातली आणखी सात-आठ मुलं ते बघायला लागली.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली. हजेरी घेताना त्या मुलीनं नुसता हात वर केला. तोंडातून आवाज नाही.

"काय गं, घसा बसला का?"

मागून कुणीतरी ओरडलं, "हाय हाय!" आणि सगळा वर्ग खिदळला. पोरांची काहीतरी गंमत असेल, असं वाटून मी टेबलावर डस्टर आपटलं आणि पुढचं नाव घेतलं. चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी धडा वाचायला उभं केलं, तर ती पुस्तक धरून नुसती उभी राहिली. कान लाल झाले होते.

शेवटी तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीनं मला नळापाशी गाठलं. "बाई, ती त्या दादाच्या लाइव्हमध्ये बोलली ना, म्हनून."

लाइव्ह म्हणजे काय, हे मी बघितलंच नव्हतं. तो मुलगा अधूनमधून बघणाऱ्या पोरांना खेळात घेतो आणि त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू जातो. सुट्टीत एका दुपारी हिचा नंबर लागला. त्यानं विचारलं, "कौन आया, कौन है?" ही आनंदानं म्हणाली, "मी हाय दादा, मी हाय!"

"हाय? अरे हाय बहन, हाय! हॅलो भी बोल दे!"

तिला कळेना. ती परत म्हणाली, "नाय ओ दादा, मी हाय ना." मग तो तिचा आवाज काढून तेच बोलत राहिला आणि पडद्याच्या बाजूला बघणाऱ्यांनी लिहिलेल्या ओळीवर ओळी धावू लागल्या, हाय हाय, हाय हाय. शेवटी तिचा आवाजच बंद झाला. तेवढाच तुकडा कापून त्यानं वेगळा टाकला होता, वर हसून हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची चित्रं. तो मी सुचवलेल्या चॅनलवर होता, म्हणूनच माझ्या वर्गातल्या मुलांनी बघितला होता.

मी ते सहा व्हिडिओ पुन्हा लावले. त्यातही तेच होतं. त्याच्याबरोबर खेळणारं कुणी अडखळलं की त्याची नक्कल, कुणी हरलं की त्याच्या बोलण्याची टर. मी दोनदा हसले होते, ते ह्यालाच. माझ्या वहीत त्याला रकानाच नव्हता. आणि वर्गात मी स्वतः काय करत होते? "नाय काय गं? नाही म्हण, नाही," असं मीही सगळ्यांसमोर म्हणायची, मुलं हसायची, मी हसू द्यायची.

मी तक्रारीचं बटण दाबलं. नियमांचा भंग झालेला नाही, असं उत्तर आलं. त्या मुलालाही लिहिलं. त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं : "मैडम, मज़ाक था. बच्ची को बोलो दिल पे न ले."

मग मी तिच्या घरी गेले. आई नुकतीच कामावरून आली होती. मी सगळं सांगितलं, चूक माझी आहे, म्हटलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुमी तरी काय करनार बाई? तुमी बघितलंत तरी. आमी तेवढंपन नाय बघितलं." मुलगी दाराआड उभी होती. मी हाक मारली, तशी ती मागच्या बाजूला निघून गेली.

पुढच्या पालकसभेत मी उभी राहून सांगितलं की माझं चुकलं, ते चॅनल बंद करा. एका मुलाचे वडील म्हणाले, "मग कुठलं दाखवायचं ते सांगा." मी म्हटलं, "मुलांबरोबर बसून बघा. कुणाला हसतायत ते बघा." त्यावर हिची आईच हळू आवाजात म्हणाली, "बसायला घरात असतं कोन, बाई?"

वर्गातलं ते 'हाय हाय' ओरडणं मी बंद केलं. मुलांना समजावलं, दोघांनी तिची माफीही मागितली. जानेवारीत ती हजेरीला बोलू लागली. वाचायलाही लागली, अगदी स्पष्ट, एकेक अक्षर तोलून. मला हायसं वाटलं, तेवढ्यात एक दिवस स्कूटरवरून घरी जाताना तिची आई रस्त्यात भेटली.

"बाई, आता ती घरातपन पुस्तकासारखीच बोलते. आजोबांशीपन 'आहे' आनि 'नाही'. चुकून 'हाय' आलं, की थांबते आनि परत बोलते. मी म्हनलं, अगं घरात कोन हसतंय तुला? तर गप बसते."

मी स्कूटर बंद केली. ती बाजाराची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन पुढं निघून गेली.