आमच्या दुकानाची नोंद

बारामतीत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात मी काम करते, आणि फुशारकी म्हणा नाहीतर काही म्हणा, कुणाचंही दुकान सरकारी नोंदीतून हुडकून काढायला माझ्यासारखं दुसरं कुणी नाही. साइटवर नाव टाकायचं, तालुका निवडायचा, वर्ष मागंपुढं करून बघायचं. पक्षकाराचा चहा संपायच्या आत मालक कोण, धंदा कसला, सुरू कधी झाला, सगळं त्याच्यापुढं मांडते. आमचे सर लोकांना सांगतात, "हिच्याकडं द्या, ही पाताळातून काढेल." अशी मी, आणि मला माझ्याच बापाच्या दुकानाची नोंद सापडेना.

दुकान इंदापुरात, मोटार रिवायंडिंगचं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, त्यांची आतली तांब्याची तार काढून नवी भरायची. आबा, म्हणजे माझे वडील, गेले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून गिऱ्हाइकाशी बोलायला धाकटे चुलते, आमचे तात्या, आणि आत मोटारी भरायला आई. खरं सांगायचं तर आबा होते तेव्हाही मोटारी आईच भरायची. पण रस्त्यावरून दिसायचे आबा, म्हणून दुकान आबांचं.

मागच्या वर्षी एका पंप कंपनीनं आपलं सर्व्हिस सेंटर आम्हाला द्यायचं ठरवलं. अट एकच होती. दुकानाची सरकारी नोंद दाखवायची, आणि तिच्यात मालक म्हणून ज्याचं नाव असेल त्यानं, तो हयात नसेल तर त्याच्या वारसानं, सही करायची. कंपनीचे अधिकारी सोमवारी येणार होते. मूळ दाखला आबांनी कुठं ठेवला होता, देव जाणे.

"न्हाय घावली नोंद तर माझ्या नावावर नवी काढतो," तात्या म्हणाले. "त्यात काय येवढं? दुकानात मीच असतो की."

"आणि आई?"

"वहिनी हायेतच की आत."

माझं डोकंच फिरलं. माझ्या जन्माच्या आधीपासून या बाईनं मोटारी भरल्या, बोटांना तारेचे घट्टे पडले, आणि सोमवारनंतर ती आपल्याच दुकानात दिराच्या हाताखाली जाणार! तात्यांना म्हटलं, सोमवारपर्यंत कशाला हात लावायचा नाही, नोंद मी काढते. आईला यातलं काही कळू द्यायचं नाही असंही मीच ठरवलं. उगाच तिच्या जिवाला घोर नको.

बोर्डावरचं नाव टाकलं. नाही. आबांचं टाकलं, आजोबांचं टाकलं, मन घट्ट करून तात्यांचंही टाकलं. नाही. आबांच्या दोस्ताला विचारलं, आमचे जुने कागद बघणाऱ्या वकिलांना फोन केला, बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरलाही सोडलं नाही. "तुझ्या बापानं सांगितलं तसं मी रंगावलं, पोरी," तो म्हणाला, "सरकारात काय लिवलंय मला काय ठावं?" असा शुक्रवार उजाडला. सर हसून म्हणाले, "काखेत कळसा अन् गावाला वळसा तर नाही ना?" मी तोंड फुगवून बसले.

शनिवारी संध्याकाळी इंदापूरला आले. आई दुकानात कॉइल भरत होती. आमच्या घरचा एक कायदा आहे: आई तारेचे वेढे मोजत असताना तिच्याशी बोलायचं नाही. वेढे चुकले की मोटार पुन्हा जळणार, आणि मध्ये कुणी बोललं की तिला पहिल्यापासून मोजावं लागतं. लहानपणी गुडघा फोडून घेतला तरी मी दारात उभी राहून कॉइल संपायची वाट बघितली आहे. त्या दिवशीही तशीच बसले. तिनं तार तोडली तेव्हा मात्र मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

"कुठल्या नावानं हुडकलीस?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.

"बोर्डावरचं नाव लई मागनं आलं. नोंदीला कन्हेरीचं नाव हाय."

कन्हेरी म्हणजे आईचं माहेर. "तुझं आबा तवा वायरमन हुतं, नोकरीत," ती म्हणाली. "त्येंच्याकडनंच मी शिकले. माझ्या बापाच्या हिरीवरली मोटार जळली, ती मी भरली. ती पयली. मग कन्हेरीची मानसं आपापल्या मोटारी घिऊन यायला लागली. म्हणून त्येंनी माझ्या नावावर दुकान काढलं. दुकानाच्या नावात गाव बी माझंच घातलं."

मला आनंद व्हायच्या आधी रागच आला. "आये, आठवडा झाला मी वणवण करतेय. सांगितलं का न्हाईस?"

"मला कुणी इचारलं?"

एवढं बोलून तिनं पुढची तार हातात घेतली. खरंच की. साऱ्या इंदापुराला विचारून आले, आईला नाही. तात्यांनी तिला आत ठेवलं म्हणून मी भडकले, आणि मी तरी काय वेगळं केलं होतं? लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

तिथंच मोबाइलवर कन्हेरीचं नाव टाकलं आणि जुन्या अर्जाची प्रत उघडली. मालक या रकान्यात आईचं पूर्ण नाव. व्यवस्थापक, आबा. कामगार, एक. त्या एकाचं नाव वाचून मला हसू आवरेना. तात्या! खाली आईची सही, चौथी शिकलेल्या बाईची, एकेक अक्षर ठाशीव. इतक्या लोकांच्या नोंदी मी उघडल्या, पण मालकाच्या रकान्याकडं बघून ऊर असा कधी भरून आला नव्हता.

रविवारी ती प्रत छापून तात्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचली. "म्हंजी मी कामाला?"

"कामाला असण्यात काय कमीपना हाय, भावजी?" आई म्हणाली. "मी बी कामच करती. गिऱ्हाईक तुमीच बोलवायचं, मला त्ये जमत न्हाय. पर सही मी करनार."

तात्यांनी कागदाची नीट घडी करून तो गल्ल्याजवळ ठेवला.

सोमवारी कंपनीचे अधिकारी आले. सवयीनं तात्याच पुढं झाले. पाणी दिलं, खुर्ची पुसली.

"मालक आपणच का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मी दारात उभी होते. तात्यांनी आत बघितलं. आईची मान खाली होती, ओठ हलत होते, तार फिरत होती.

"न्हाय," तात्या आवाज खाली आणून म्हणाले. "मालकीणबाई वेढं मोजत्यात. जरा थांबावं लागंल, सायेब."

अधिकारी खुर्चीत बसले, आणि कॉइल संपेपर्यंत दुकानात कुणी एक शब्द बोललं नाही.