गाडीच्या पुढच्या सीटवर

आमच्या लोकांना एका जागी राहायची सवयच नाही, असं शहरात सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. कळमन्याच्या पुढे नाल्याकाठी आमची वस्ती आहे. लग्न होऊन मी तिथे आले तेव्हापासून ती तिथेच आहे. हलतात ती माणसं, आणि तीसुद्धा कोणीतरी हुसकावतं म्हणून. हललो की आम्ही फिरस्ते आणि बसलो की अतिक्रमण, मग माणसानं करावं तरी काय? शहरातल्या नंदनवन भागात कुणाकडे चोरी झाली की पोलीस ठाण्याची गाडी पहिली आमच्याकडे येते. माझ्या नवऱ्याला असंच उचललं होतं. सुटून आला तेव्हा कितीतरी दिवस त्याला उजव्या हातानं घास घेता येत नव्हता. खरा चोर नंतर सापडला म्हणे, पण ते सांगायला कोणी आमच्या दारी आलं नाही.

म्हणून आमच्यात एक रीत आहे. एकाला उचललं की बाकीच्यांनी थांबायचं नाही. ठाण्यात विचारायलाही जायचं नाही, कारण विचारायला गेलेला आतच राहतो. वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई आमच्या बोलीतला एक शब्द उच्चारते. तो शब्द मी इथे लिहिणार नाही, आम्हाला तो अजून लागतो. तो कानावर पडला की पोरं कडेवर, गाठोडी डोक्यावर, आणि चहाला उकळी यायच्या आत सगळे नाल्यापलीकडे. सध्या तो शब्द उच्चारायचा मान माझ्या सासूकडे आहे, आणि त्या मानाचा तिला चांगलाच तोरा आहे.

आम्हाला एकत्र आणलं ते एका ताईंनी. त्याही पालातच जन्मलेल्या, शिकून वकील झालेल्या. रविवारी वस्तीत यायच्या, जमिनीवर बसायच्या आणि जागा मागायला शिकवायच्या. एकदा त्यांनी मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. कुठल्याशा थंड देशात, रस्त्यावर, रंगीत घागऱ्यातल्या बाया फलक धरून उभ्या होत्या. ताई म्हणाल्या, "याह्यले रोमा म्हणतात. याह्यचे पूर्वज लय जुन्या काळी आपल्याच इकडून गेले. एका देशात मार खाल्ला म्हणून दुसऱ्या देशात आसरा मागून राहिले. आता संघटना करून भांडतात."

सासूनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "हे तं आपल्यातलेच दिसून राहिले. पर त्याह्यले मागाले दुसरा देश तरी हाये. आपण कोनाले मागावं?"

"याच देशाले मागू, माय," ताई म्हणाल्या.

मग आम्ही मागत सुटलो. आमच्या बाया गल्लोगल्ली फिरून केसांवर भांडी देतात. विंचरताना गळलेले केस घ्यायचे आणि बदल्यात वाटी, पातेली द्यायची. मोर्चाला गेलं की त्या दिवसाची फेरी बुडते. म्हणून आम्हीच ठरवलं की मोर्चाला गेलेल्या घराची चूल शेजारणीनं पेटवायची. भांडकुदळ बाया आमच्या, एरवी एकमेकींच्या झिंज्या उपटतील, पण ही गोष्ट एकीनंही मोडली नाही. कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून नाकी नऊ आले, तेव्हा कुठे वस्तीची पाहणी मंजूर झाली. अट एकच होती. त्या दिवशी जे कुटुंब जागेवर दिसेल, त्याच्याच नावावर जागा होईल. कोणी दिसलं नाही तर जमीन रिकामी धरून तिला तारेचं कुंपण घालणार.

मी पालोपाली जाऊन सांगितलं. फेरीवर कोणी जायचं नाही. गाठोडी सोडा, भांडी मांडा, चुली पेटत्या ठेवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकटी सासू कुरकुरत होती.

"दिवसभर काहून बसून राहाचं वं? बसल्या मानसाले धरनं सोपं जाते."

"कोणी धराले नाही येऊन राहिलं, माय. जागा द्याले येऊन राहिले."

"द्याले येनारा मानूस म्या अजून पाह्यला नाही," ती म्हणाली आणि तंबाखू मळायला लागली.

ताईंना त्या दिवशी कोर्टात तारीख होती, म्हणून पाहणीला येणाऱ्या साहेबांना रस्ता दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी सकाळीच कळमन्याच्या मार्केटच्या गेटवर जाऊन उभी राहिले. धुतलेलं पातळ नेसले होते. संत्र्यांच्या गाड्या आत जात होत्या आणि माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटी साहेबांची पांढरी गाडी आली. तिच्या पुढे पोलिसांची गाडी होती.

"हे काहून आणले, साहेब?" मी विचारलं.

"नियम आहे, बाई. अशा वस्तीत बंदोबस्त लागतो." बोलले मात्र शांतपणे. माणूस वाईट नव्हता. "तुम्ही असं करा, पुढच्या गाडीत बसा आणि रस्ता दाखवा."

'अशा वस्तीत' हे मी मुकाट गिळलं. म्हटलं, जागा मिळू दे, मग बघू. मी पोलिसांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसले. खरं सांगते, मला जरा ऐटच वाटली. या गाडीत आमची माणसं आजवर मागे, पायांशी बसून गेली होती. आणि मनात आलं, मी पुढे बसलेली दिसले की लोक घाबरणार नाहीत. आपलीच सून सोबत आहे म्हणतील.

लोकांना मी दिसले. खाकी कपड्यांच्या मधे बसलेली, नेमकी मीच दिसले.

गाडी नाल्याच्या वळणावर आली तेव्हा वस्तीत धूर दिसत होता, माणसं दिसत होती. मी काचेतून हात हलवला. त्यांना वाटलं, मला उचललंय आणि मी पळा म्हणतेय. तो शब्द मला ऐकू आला नाही, पण आला असणार. कारण आम्ही उतरलो तेव्हा वस्तीत चिटपाखरू नव्हतं. चुली पेटलेल्या होत्या. एका पातेल्यात भात खदखदत होता. मी नाल्याकडे तोंड करून घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. हाक मारली तर कोण येणार? धरलेल्या माणसाकडून हाका मारून घेतात, हे आमच्यात लहान पोरालाही ठाऊक असतं.

"कोणी राहत नाही का इथं?" साहेबांनी विचारलं.

"राहतात, साहेब. हा भात बघा ना. आत्ता होते."

"मला माणसं मोजायची आहेत, बाई. भात मोजता येत नाही."

तरी ते थांबले. ऊन डोक्यावर येईपर्यंत बाजेवर बसून राहिले. मी तो भात उतरवला. फेरपाहणीचं विचारलं तर म्हणाले, अर्ज करा, कधी होईल ते माझ्या हातात नाही. जाताना त्यांनी माझं एकटीचं कुटुंब लिहून घेतलं. बाकी जमीन रिकामी.

मग मी एकटी त्या वस्तीत बसून राहिले. कुठे जाणार? नाल्याकडे गेले असते तर आमचे लोक आणखी पुढे पळाले असते. पोलीस हिच्या मागोमाग येताहेत, असंच वाटलं असतं त्यांना. संताप नुसता उसळत होता, आणि सगळा सासूवर. ती आली की काय काय बोलायचं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं. इतकी वर्षं मारलेल्या चकरा तिनं एका शब्दात मातीत घातल्या होत्या.

दिवेलागणीला ती आली. नाल्याकडून नव्हे, रस्त्याकडून, एकटीच. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. मला पाहिलं आणि मटकन खाली बसली.

"ठाण्यात गेल्ती," ती म्हणाली. "म्हटलं, माह्या सुनेले सोडा अन् मले ठेवा. ते म्हणे, इथं कोनी बाई आनलीच नाही. मले वाटलं, मारून टाकली."

आमच्यात ठाण्यात विचारायला कोणी जात नाही. तिनंच तर ते सगळ्यांना शिकवलं होतं.

तिनं माझे दोन्ही हात ओढून घेतले, बाह्या वर सारून दंड पाहिले, पाठ चाचपली, मार शोधत. मी तांब्या आणून तिच्या पायांवरचा चिखल धुतला.

"गेले का ते?" तिनं विचारलं. "बाकीच्याह्यले बोलावू?"

"बोलाव, माय," मी म्हटलं. "गेले ते. आता नाही येत."